काचेमागचे वेरूळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांविषयीची मागील उत्तरे छापून आल्यानंतर खानदेशातून जी पत्रे आली, त्यांत भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या छापील तसबिरींविषयीची पत्रे इतकी निघाली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. देवादिकांच्या तसबिरींचा विषय निराळा आहे, तो पुढे कधीतरी घेऊ. येथे लेणी, देवळे, घुमट अशा वास्तूंच्या चित्रांपुरतेच बोलू.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माजघरात आजोबांनी मुंबईहून आणलेली वेरूळची तीन मोठी, दोन फुटांची चित्रे सागवानी फ्रेममध्ये आहेत. प्रत्येकाच्या खाली इंग्रजीत टॉमस डॅनियल हे नाव आणि १८०३ हे साल छापलेले आहे. सध्या वाड्याची वाटणी चालू असून आम्ही चौघे भाऊ आहोत. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मोबाइलवर फोटो पाहून तिन्हींची मिळून एक रक्कम सांगितली. धाकट्या भावाने इंटरनेटवर पाहिलेली रक्कम तिच्या कितीतरी पट आहे. खरे मोल कसे ठरवावे?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : आपल्यापुढे दोन रकमा आहेत आणि त्या सांगणाऱ्यांपैकी एकानेही कागद हाताळलेला नाही, तेव्हा दोन्ही रकमा तूर्त बाजूला ठेवाव्यात आणि आधी चित्र कोणते आहे ते पाहावे.

टॉमस डॅनियल आणि त्यांचा पुतण्या विल्यम यांनी १७८६ पासून सुमारे सात वर्षे हिंदुस्थानात हिंडून वास्तूंची व स्थळांची रेखाटने केली आणि पुढे लंडनमध्ये १७९५ ते १८०८ या काळात १४४ मोठी चित्रे ॲक्वाटिंट या, तांब्याच्या पत्र्यावरून छापण्याच्या पद्धतीने छापून प्रसिद्ध केली. वेरूळची २४ चित्रे हा त्या मालिकेचाच एक भाग आहे. मात्र त्यांची मूळ रेखाटने डॅनियल यांची नसून जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची आहेत. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवणारा तो हाच वेल्स. १७९५ साली साष्टीत तापाने त्याचा अंत झाला आणि त्याची वेरूळची रेखाटने पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने डॅनियल यांनी तांब्यावर उतरवली. (वेल्सची मुलगी मॅलेटला दिलेली होती, त्यामुळे हे काम थोडेसे घरचेही होते.) आपल्या चित्रांखाली डॅनियलबरोबर वेल्सचेही नाव आहे का, हे म्हणूनच आधी पाहावे. ते नसेल तर एक तर खालची पट्टी कापली गेली आहे, किंवा छापणाऱ्याने नंतर कधीतरी मजकूर नव्याने जुळवला आहे. दोन्ही गोष्टींनी मोल उतरते, पण दुसरीने फारच.

आता त्या १८०३ विषयी. इंग्लंडमध्ये १७३५ पासून असा कायदा होता की, कोरीव चित्राच्या पत्र्यावर प्रकाशकाचे नाव आणि तारीख असेल तरच नकलेपासून संरक्षण मिळे. त्यामुळे त्या काळच्या बहुतेक इंग्रजी चित्रांखाली अशी तारीख सापडते. ती तारीख पत्रा प्रथम प्रसिद्ध झाल्याची आहे. त्या पत्र्यावरून वीस वर्षांनी कागद काढला तरी तीच तारीख उमटणार, आणि शंभर वर्षांनी त्याचा फोटो घेऊन कॅलेंडर छापले तरी त्यावरही तीच राहणार.

या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. धुळ्यातील एका घरी दौलताबादच्या किल्ल्याचे चित्र होते. शिसवी फ्रेम, थोडी लहरी असलेली जुनी काच, पिवळसर झालेला कागद, सारे काही मनासारखे होते आणि यजमानांचा चहाचा आग्रह चालू होता. मी काचेवरूनच पाहिले आणि चित्र पहिल्या छपाईचे असावे असे सांगून बसलो. पुढे काच तडकली म्हणून त्यांनी फ्रेम उघडली, तेव्हा चित्राच्या पाठीवर जुलै महिन्याच्या तारखांचे चौकोन निघाले. फ्रेम खरोखरच जुनी होती. आतले जुने चित्र कुणीतरी कधीच काढून नेले होते.

तेव्हा फ्रेम उघडावीच लागेल. टेबलावर सुती चादर अंथरून तसबीर पालथी ठेवावी, मागचा खाकी कागद कडेकडेने कापावा, खिळे पकडीने सरळ ओढून काढावेत, उचकटू नयेत. मागे बहुधा खोक्यांच्या देवदारी फळ्या असतात. फळीला जेथे गाठ असते तेथे चित्राच्या पाठीवर त्याच आकाराचा तपकिरी डाग पडलेला दिसेल आणि पुष्कळदा तो पुढच्या आकाशातही उतरलेला असेल. फळी आणि चित्र यांच्यामध्ये वर्तमानपत्र घातलेले असेल तर ते टाकू नये, कारण फ्रेम कधी झाली हे तेच सांगते. कागद काचेला किंवा पुठ्ठ्याला चिकटलेला आढळला तर मात्र तेथेच थांबावे. पाणी लावू नये आणि नखाने सोडवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

कागद मोकळा झाला की उजेड एका बाजूने पडेल असा धरून चित्राच्या चारही बाजूंना, समासाच्या आत, दबलेली रेघ आहे का ते बोटाच्या पेराने चाचपावे. तांब्याचा पत्रा दाबाखाली कागदात रुततो, त्याची ती खूण असते. नंतर दहापट भिंगातून आकाशाचा किंवा सावलीचा भाग पाहावा. ॲक्वाटिंटमध्ये पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो तेजाबात बुडवतात; तेजाब राळेच्या कणांच्या भोवतीचा धातू खातो आणि छपाईत आटलेल्या तळ्याच्या भेगाळ गाळासारखे अनियमित जाळे उमटते. त्याऐवजी रावेरकडच्या केळीच्या बागेसारखे ओळीने लावलेले ठिपके दिसले, आणि तेही निळे, गुलाबी, पिवळे व काळे असे, तर ते विसाव्या शतकातील यंत्राचे काम समजावे आणि पुढची तपासणी थांबवावी. फोटोग्रॅव्हूर नावाची एक छपाई मात्र भल्याभल्यांना चकवते, कारण तिच्यातही दबलेली कड असते आणि कणही असतात; तिचे कण फार बारीक आणि सगळीकडे सारखे असतात, एवढाच भेद. अशा वेळी कागदाची साक्ष काढावी. कागद खिडकीशी धरला असता व्हॉटमन या कागदवाल्याचे नाव आणि पुष्कळदा सालही जलचिन्हात दिसते. ते साल १८०३ च्या मागचे किंवा लगतचे असेल तर उत्तम. १८२५ सारखे काही असेल तर त्याच पत्र्यावरून नंतर काढलेली प्रत आहे. ही चित्रे १८१२ ते १८१६ या काळात पुस्तकी आकारातही निघाली होती, पण आपण पत्रात दिलेले दोन फुटांचे माप पाहता तो प्रश्न आपल्यापुरता उरत नाही.

अस्सलपणा ठरल्यावर प्रकृती पाहायची, आणि खानदेशात खरी हानी येथेच झालेली असते. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती घातलेल्या पुठ्ठ्याच्या, कडेने उमटलेली तपकिरी चौकट, कसरीने खरवडलेले पांढरे पट्टे, पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने आलेले तांबूस ठिपके आणि उन्हाने उडालेला निळा रंग यांची प्रत्येक चित्रासाठी वेगळी नोंद करावी. ठिपके आणि पिवळेपणा तज्ज्ञाकडून बऱ्याच अंशी कमी करता येतो. उडालेला रंग परत येत नाही, आणि कापलेला समासही परत येत नाही. फ्रेमच्या मापात बसावे म्हणून समास कापण्याची आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांची जुनी सवय आहे, आणि पत्र्याच्या खुणेच्या आत कात्री गेली असेल तर चित्र स्वच्छ असूनही जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवते.

आता त्या दोन रकमांकडे येऊ. व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम ही त्याची खरेदीची रक्कम आहे. तीत त्याचा नफा, दुरुस्तीचा खर्च आणि चित्र दोन वर्षे न विकले जाण्याची जोखीम हे सगळे धरलेले असते, म्हणून ती कमी असते आणि ती कमी असण्यात लबाडीच असते असे नाही. धाकट्या बंधूंनी पाहिलेली रक्कम ही मागितलेली किंमत आहे. मागितलेल्या किमतीला चित्र विकले गेले की नाही, हे ती पाहून कळत नाही. लिलावगृहांच्या जुन्या निकालांत हातोडा पडलेली रक्कम मिळते, ती त्यातल्या त्यात विश्वासाची, पण तुलना त्याच चित्राशी, तितक्याच समासाशी, रंगीत असेल तर रंगीत प्रतीशीच करावी. कैलासाचे समोरून घेतलेले दृश्य आणि एखाद्या लेण्याच्या आतील अंधाऱ्या ओवरीचे दृश्य एकाच मालिकेतील असले तरी गिऱ्हाईक त्यांना सारखा भाव देत नाही.

वाटणीसाठी मोल काढताना विम्याचे मोल धरू नये. विम्याचे मोल म्हणजे हरवलेली वस्तू बाजारातून पुन्हा आणायला लागेल ती रक्कम, आणि ती नेहमी चढी असते. घाई नसलेला विकणारा आणि गरज नसलेला घेणारा ज्या रकमेवर थांबतील, ती वाटणीला योग्य. आयकर खात्याकडे नोंदलेल्या मूल्यमापकांत कलाकृतींचा वर्ग स्वतंत्र असतो. अशा व्यक्तीकडून तिन्ही चित्रांचे वेगवेगळे लेखी मूल्यांकन घ्यावे; त्यात माप, छपाईची पद्धत, खालचा मजकूर, दोष, मोल कोणत्या आधारावर काढले आणि कोणत्या तारखेला काढले, हे सगळे असले पाहिजे. जो चित्र विकत घेऊ इच्छितो त्याच्याकडून मूल्यांकन घेऊ नये. तीन चित्रे आणि चार भाऊ हा गुंता मग सोपा आहे: ज्याला हवी आहेत त्याने लेखी रकमेला घ्यावीत आणि बाकीच्यांचा वाटा रोख द्यावा.

प्रश्न : आमचे आजोबा रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्या सामानात जाड पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेली अजिंठ्याच्या एका लेण्याची दोन सारखी छायाचित्रे मिळाली. आम्ही ती फ्रेम करून लावली आहेत. शेजारी म्हणतात, हे गिलसाहेबाचे काम आहे. त्यामुळे घरी येणारा जो तो आता "कितला भाव शे?" असे विचारतो.
— गृहिणी, भुसावळ

उत्तर : शेजाऱ्यांचा तर्क भुसावळकराला शोभणारा आहे, कारण रॉबर्ट गिल यांची कबर आपल्याच गावात आहे. १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी त्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. त्यांतील बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत जळाल्या. १८७९ साली ते वारले. नकलांबरोबरच त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता आणि १८६४ साली त्यांच्या जोडछायाचित्रांची पुस्तके निघाली. आपल्याकडील पुठ्ठा त्याच प्रकारचा आहे. ती दोन छायाचित्रे हुबेहूब सारखी नसतात, दोन डोळ्यांना दिसेल इतक्या अंतराने घेतलेली असतात आणि दुर्बिणीसारख्या एका यंत्रातून पाहिली की खांब पुढे येतात, मागची भिंत मागे जाते. जवळचा खांब आणि मागचे कोनाडे यांमधले अंतर दोन्ही छायाचित्रांत पट्टीने मोजून पाहा. ते तंतोतंत सारखे भरले तर काचेच्या एकाच निगेटिव्हवरून दोन प्रती काढून चिकटवल्या आहेत.

मात्र जोडछायाचित्रे म्हणजे गिल, असे नाही. अशा पुठ्ठ्यांचा व्यापार विसाव्या शतकातही चालू होता आणि अजिंठ्याला कॅमेरा घेऊन गेलेले लोक पुष्कळ होते. पुठ्ठ्याच्या मागे किंवा कडेला छापलेले नाव नसेल तर नाव लावण्याच्या भानगडीत न पडता काळ ठरवावा. गिल यांच्या काळचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. तो पातळ असतो, त्याला मंद चमक असते, उजळ भाग पिवळट होतात आणि भिंगातून पृष्ठभागाखाली कागदाचे तंतू दिसतात. छपाईचे ठिपके मात्र कोठेही दिसत नाहीत. दुसरी साक्ष खुद्द लेण्याची. हैदराबादच्या निजामाचे पुरातत्त्व खाते १९१४ साली स्थापन झाले आणि त्यानंतर लेण्यांची पद्धतशीर डागडुजी झाली. तेव्हा आपल्या छायाचित्रातील खांब तुटके आणि अंगण दगडमातीने भरलेले आहे, की नव्याने बांधलेले गुळगुळीत खांब दिसतात, हे पाहावे. समोर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान असेल तर १९ आणि २६ या क्रमांकांच्या लेण्यांशी आधी ताडून पाहावे. जळगावहून फर्दापूरमार्गे एका दिवसात जाऊन येण्यासारखे ते अंतर आहे, आणि छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन त्याच जागी उभे राहण्यात जी मजा आहे ती भाव ऐकण्यात नाही, असे मला आपले वाटते. एक सूचना : ते फ्रेममधून काढून ठेवा. काचेला टेकलेला असा कागद दमट हवेत काचेलाच धरतो.

प्रश्न : आमच्या पेढीच्या वरच्या दिवाणखान्यात रोममधील पँथिऑन या प्राचीन देवळाचे, नुसत्या काळ्या रेषांतील मोठे चित्र आहे, खाली पिरानेसी असे नाव आहे. पणजोबांनी ते मुंबईच्या एका लिलावात घेतले होते. एक जाणकार त्याला अस्सल म्हणतात, दुसरे म्हणतात की ते नंतरचे आहे. सोन्याला कसोटीचा दगड आहे, याला काय आहे?
— सराफ, जळगाव

उत्तर : दोन्ही जाणकार बरोबर असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) यांनी रोमच्या वास्तूंची सुमारे १३५ मोठी दृश्ये तांब्यावर कोरली. त्यांच्या मृत्यूनंतर ते पत्रे मुलांनी पॅरिसला नेले, तेथे त्यांवरून छपाई चालू राहिली आणि १८३९ साली पत्रे रोमला परतल्यावर पुन्हा तेथेही छपाई झाली. म्हणजे पत्रा अस्सल आणि कागद मात्र दीडशे वर्षांनंतरचा, असे घडू शकते. मोलातील मोठा फरक त्यानेच पडतो.

आपल्या पेढीवरचे दहापट भिंग येथे पुरेसे आहे. (तेजाबाची बाटली मात्र कृपया खालीच राहू द्यावी.) पत्रा जसजसा वापरला जातो तसतशा आकाशातील केसासारख्या बारीक रेषा आधी झिजतात, आणि मग त्या पुन्हा खोल कोरल्या की सावल्या जड व चिखलासारख्या दिसू लागतात. पँथिऑनच्या ओसरीच्या खांबांमागील अंधारात रेषांचे थर वेगवेगळे मोजता येत असतील तर छपाई लवकरची. तेथे नुसता काळा गोळा असेल तर उशिराची. चित्रकाराच्या हयातीतील प्रतींचा कागद जाड, जाळीच्या रेघा असलेला असून त्यात दुहेरी वर्तुळातील तीन पाकळ्यांच्या फुलाचे जलचिन्ह सापडते, आणि पुष्कळ प्रतींच्या खालच्या ओळीत दुकानाचा पत्ता व "अडीच पाओली" अशी त्या वेळची किंमतही कोरलेली असते. पॅरिसच्या प्रतींवर बहुधा वरच्या उजव्या कोपऱ्यात आकडा असतो. हे तीन मुद्दे पाहून आपल्या पत्राबरोबर माप पाठवलेत तर पुढे बोलता येईल. फोटोवरून मी कस लावणार नाही, आपणही दागिन्याचा फोटो पाहून लावत नसाल.

प्रश्न : विजापूरच्या गोलघुमटाचे एक रंगीत चित्र आम्ही प्रदर्शनातून घेतले. फ्रेम बदलताना पाठीवर इंग्रजी बातम्या छापलेल्या दिसल्या. आम्ही फसलो का?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, नंदुरबार

उत्तर : चित्र खोटे नाही, ते एखाद्या सचित्र साप्ताहिकाचे पान आहे. लंडनमध्ये अशी साप्ताहिके १८४२ पासून निघू लागली आणि त्यांतील चित्रे लाकडी ठशांवरून छापत. मोठ्या चित्रासाठी लाकडाचे लहान तुकडे एकत्र जोडलेले असत, त्यामुळे आकाशातून गेलेली केसाएवढी सरळ पांढरी रेघ भिंगातून दिसेल. ती या तुकड्यांची सांध आहे. चित्र मुळात काळ्या शाईतच छापले गेले, रंग मागाहून कुणीतरी भरला आहे. रंग ताजा वाटत असेल तर तो विक्रेत्याने भरलेला असण्याची शक्यता अधिक. अशी पाने हजारोंनी छापली गेली, त्यामुळे त्यांचे मोल माफकच असते. आपण किती दिले ते लिहिलेले नाही, तेव्हा फसवणुकीविषयी मत देत नाही.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत राहते. घरातील जुन्या शिळाछापाचे, एका देवळाचे चित्र तिला द्यायचे आहे. सामानातून नेता येईल का?
— ज्येष्ठ नागरिक, धुळे

उत्तर : १९७२ च्या पुरावशेष व कलानिधीविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग तो विकायचा असो की लेकीला द्यायचा असो. चित्र शंभर वर्षांच्या आतील असेल तर तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येते, आणि विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते आधी घेतलेले बरे. अर्जाबरोबर पुढच्या व मागच्या बाजूचे स्पष्ट फोटो आणि माप लागेल, म्हणून फ्रेममधून बाहेर काढूनच फोटो घ्यावेत. तिकिटे काढण्याच्या पुष्कळ आधी अर्ज करावा. तोपर्यंत चित्र पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर तेथून उतरवून ठेवा. आता चैत्र उजाडतो आहे आणि त्या भिंतीवर दुपारनंतर हात ठेववत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.